ठिपका लहान हवा

जालन्याच्या मोसंबीत कीटकनाशकाचा अंश उरला आहे का, हे वायू-क्रोमॅटोग्राफीने तपासता येते. जेम्स आणि मार्टिन यांनी ती १९५२ साली मांडली. टीपकागदावर शाईचा ठिपका मोठा पडला, की रंग नीट सुटत नाहीत, हे आपण वर्गात पाहतो. तिथेही तसेच होते. पुढे गोले यांनी आणलेल्या केशनलिकेला तर नमुना इवलासाच चाले. म्हणून बहुतेक वाफ बाहेर सोडावी लागे आणि शोधायचा अंशही तिच्याबरोबर निघून जाई. १९६९ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या ग्रोब पती-पत्नींनी ही बाहेरची वाट सुरुवातीला बंदच ठेवली. गार नळीत द्रावकाची वाफ पुन्हा द्रवरूप झाली व तिने सारा अंश अरुंद पट्ट्यात धरून ठेवला. यंत्र कितीही चांगले असो, आपण नमुना आत कसा सोडतो यावर उत्तर ठरते.