डोळ्यांतल्या वाहिन्या आणि खुणेच्या जागा

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात प्रवरा गोदावरीला मिळते. नदीकाठच्या मुलखात वाट सांगायची झाली की आपण अशा संगमाची खूण देतो. कारण पात्र कोसन् कोस सारखेच दिसते, संगम मात्र चुकत नाही. शरीरातील रक्तवाहिन्यांचे नकाशे काढणाऱ्यांनीही हीच युक्ती धरली. त्या नकाशांच्या इतिहासातले एक प्रकरण याच गोदावरीकाठी, खाली नांदेडला घडले.

जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या चिरफाडीवाचून पाहण्याची उत्तम जागा म्हणजे डोळ्याचा तळ. १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने आपले नेत्रदर्शक यंत्र प्रसिद्ध केले, आणि बाहुलीच्या काळोखामागचा तो प्रदेश वैद्यांना उजळून दिसू लागला. तेथे दोन खुणा मुख्य. एक फिकट चकती; दृष्टीची नस येथून मेंदूकडे निघते आणि साऱ्या वाहिन्या येथूनच फाकतात. दुसरा, वाहिन्या ज्याला वळसा घालून जातात तो बारीक खळगा. आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, तो त्याच्या बळावर.

मधुमेहात या बारीक वाहिन्या झिरपू लागतात. दुखत नाही, खुपत नाही, आणि पुष्कळदा दिसणेही बराच काळ ठीक असते. डाग खळग्याच्या किती जवळ आहे यावर दृष्टीचा धोका ठरतो. म्हणून आधी खूण सापडली पाहिजे. वेळीच कळले तर उपचाराने दृष्टी वाचवता येते. परंतु रोगी लाखोंनी आणि पाहणारे डॉक्टर मोजके. हे काम यंत्राला शिकवावे, ही कल्पना या अडचणीतून बळावली.

प्रथम माणसे यंत्राला नियम सांगत: सर्वांत उजळ ठिकाण ती चकती. निरोगी डोळ्यात हे जमे. रोगट डोळ्यातले पिवळे चकचकीत डाग यंत्राला फसवीत. २००४ साली नेदरलंड्समध्ये चाळीस छायाचित्रांतील वाहिन्या हाताने रेखून एक संच तयार झाला. पुढे २०१२ नंतर ‘डीप लर्निंग’ची पद्धत रुजली. तिच्यात नियम सांगत नाहीत, उदाहरणे दाखवतात. यंत्र अंदाजाने बिंदू ठेवते, तज्ज्ञाच्या खुणेपासून तो किती दूर पडला हे मोजले जाते, आणि त्या चुकीच्या मानाने यंत्राची आतली गणिते थोडी थोडी बदलतात. असे हजारो वेळा.

पण उदाहरणे कोणाच्या डोळ्यांची? नेत्रतळाचा रंग माणसागणिक बदलतो; गोऱ्या लोकांच्या चित्रांवर शिकलेले यंत्र आपल्याकडे अडखळू शकते. नांदेडच्या श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्थेतील संशोधकांनी ही उणीव ओळखली. शहरातील एका नेत्रचिकित्सालयात घेतलेल्या ५१६ छायाचित्रांचा संच त्यांनी २०१८ साली जगासाठी खुला केला. प्रत्येक चित्रात सुमारे १ कोटी २२ लाख ठिपके. त्यांतून चकतीचा व खळग्याचा मध्य, प्रत्येक चित्रात, माणसांनी खुणावून ठेवला. ८१ चित्रांत तर रोगाचे डागही ठिपक्याठिपक्याने रेखले. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या परिषदेत या संचावर स्पर्धा झाली. ४१३ चित्रांवर शिकायचे, १०३ वर परीक्षा द्यायची! देशोदेशीच्या संशोधकांची यंत्रे मराठवाड्यातल्या चित्रांवर शिकली.

यंत्राच्या हुशारीचे कौतुक करताना ही खुणा करणारी माणसे विसरू नयेत. त्यांनी डोळ्यांत तेल घालून ठेवलेला एकेक बिंदू हीच यंत्राची पुंजी. जी खूण माणसाने चुकीची केली, ती यंत्रही चुकीचीच शिकणार. म्हणून अखेरचा शब्द आजही डॉक्टरचाच असावा.

वाचकहो, फराळाच्या ताटाभोवती घरची मंडळी जमतील, तेव्हा त्यांत कोणी मधुमेही असेल तर एक गोष्ट अवश्य विचारा: या वर्षी डोळ्यांचा तळ तपासून घेतला का? चष्म्याचा नंबर नव्हे, तळ. खुणा तेथे आहेत. त्या पाहून घ्यायला हव्यात.