घरातला छापखाना

आपल्या वर्गाचं हस्तलिखित आठवतंय ना? प्रत एकच, आणि ज्याचं अक्षर मोत्यासारखं त्याच्याच हाती पेन. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! त्यामुळे गोष्टी मी रचायच्या आणि मैत्रिणीने उतरवायच्या, असं दहावीपर्यंत चाललं.

आपण जेमतेम बालवाडीत होतो तेव्हा अमेरिकेतल्या शाळकरी मुलांची हीच अडचण एका सॉफ्टवेअरने सोडवली होती, हे मला या क्षेत्रात आल्यावर कळलं. १९८४ मध्ये स्प्रिंगबोर्ड या कंपनीने अ‍ॅपल टू या घरगुती संगणकासाठी 'द न्यूजरूम' आणलं. पुढे ते कमोडोर ६४ आणि आयबीएम पीसीवरही आलं. त्याचे विभाग थेट वृत्तपत्राच्या कचेरीसारखे होते: मथळ्यासाठी 'बॅनर', चित्रांसाठी 'फोटो लॅब', मजकुरासाठी 'कॉपी डेस्क', मग 'लेआउट' आणि 'प्रेस'. 'वायर सर्व्हिस'मधून तर मोडेमने दुसऱ्या गावातल्या मुलांना पानं पाठवता येत.

संगणकाची मेमरी मात्र ६४ किलोबाइट. अख्खं पान तिच्यात मावणं शक्यच नव्हतं. म्हणून पानाच्या चौकटी पाडल्या होत्या. प्रत्येक चौकट वेगळी तयार करून फ्लॉपीवर ठेवायची. चित्र ठेवलं की मजकूर त्याच्याभोवती आपोआप वळायचा. पण चौकट भरली की पुढे सरकायचा नाही. वाक्यं कापावीच लागत. पूर्ण पान पहिल्यांदा दिसे ते डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमधून करकरत बाहेर आल्यावर! मेमरीच्या टंचाईने त्या मुलांना संपादन शिकवलं, असं मला इंजिनिअर म्हणून वाटतं.

पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, मॅकिंटॉशवर आल्डसचा पेजमेकर आला. पॉल ब्रेनर्ड यांनी या कामाला 'डेस्कटॉप पब्लिशिंग' हे नाव दिलं. पण त्यासोबतचा अ‍ॅपलचा लेझर प्रिंटर जवळजवळ सात हजार डॉलरचा. तो कचेऱ्यांनाच परवडणारा. इतिहासात पेजमेकर राहिला. आपल्याकडेही डीटीपीच्या दुकानांतून तोच आला, पुण्यात घडलेल्या श्रीलिपीच्या जोडीने. न्यूजरूमला देवनागरी येतच नव्हती.

या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने मलाही अडीचशे शब्दांची चौकट दिली आहे. अक्षर कसं आहे, हे कोणी विचारलं नाही. तेव्हा माझ्या गोष्टी न कुरकुरता उतरवून देणाऱ्या त्या मैत्रिणीचे राहून गेलेले आभार इथे, छापील अक्षरात मानते.