दिवाळीच्या नावाने फिरणारे भारताचे ‘नासा’चित्र

१/५ दिवाळी आली की एक चित्र फिरू लागते: अंतराळातून दिसणारा, रंगीत दिव्यांनी उजळलेला भारत, खाली ‘नासा’चे नाव. त्यातील दिवे खरे आहेत, दिवाळी खोटी.

२/५ अमेरिकेच्या ‘नोआ’ संस्थेतील शास्त्रज्ञ क्रिस एल्विज यांनी २००३ मध्ये हवामान-उपग्रहांच्या नोंदी एकत्र करून ते घडविले. पांढरी शहरे १९९२ पूर्वीच दिसत होती; निळे, हिरवे व तांबडे दिवे अनुक्रमे १९९२, १९९८ आणि २००३ मध्ये दिसू लागले.

३/५ १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्री सुओमी एनपीपी उपग्रहाने दक्षिण आशिया टिपला. ते चित्र देताना नासाने खुलासा केला: दिवाळीचा जादा उजेड इतका अल्प, की अंतराळातून तो बहुधा जाणवतही नाही.

४/५ ज्याला उत्सव म्हटले गेले, तो शहरे पसरल्याचा कालपट होता. मुळशी तालुक्यातील सूस २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले. असाच विस्तार ते रंग नोंदवितात. खोट्या मथळ्याने हा खरा इतिहास झाकला.

५/५ बनावट ताम्रपट पारखताना इतिहासकार विचारतो: कोणी घडविला, केव्हा, कशासाठी? उपग्रहचित्रालाही हेच प्रश्न विचारावेत. शिवाय एक अधिक: रंगांचा अर्थ काय?