थेंबभर रक्ताचा हिशेब

मंडळी, मधुमेह हे नाव आपल्याकडे नवे नाही. ज्याच्या लघवीला मुंग्या लागतात त्याच्या शरीरात काही बिघडले आहे, हे आपले जुने वैद्य जाणून होते. पण साखर आहे एवढेच मुंगी सांगणार. किती आहे, ते तिला कुठून कळायचे?

ते पाहण्याचा सोपा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी काढला. त्यांचे निळे द्रावण आपल्या शिक्षकबंधूंच्या परिचयाचे आहे. परीक्षानळीत ते घ्यायचे, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचे. निळेच राहिले तर साखर नाही. हिरवे, पिवळे होत होत विटेसारखे लाल झाले तर साखर पुष्कळ. १९५६ मध्ये हेलन आणि आल्फ्रेड फ्री या दांपत्याच्या कामातून लघवीत नुसती बुडवायची पट्टी आली आणि उकळण्याची कटकट गेली.

पण खरी अडचण तशीच राहिली. धरणाच्या सांडव्यावरून पाणी पडू लागले की धरण भरले एवढे कळते. आत निम्मे पाणी आहे की तळ दिसू लागलाय, हे सांडव्याकडे पाहून कसे कळणार? लघवीचे तसेच आहे. रक्तातली साखर शंभर मिलिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, तरच ती लघवीत उतरते. आणि इन्शुलिन घेणाऱ्याला तातडीचे भय असते ते साखर उतरण्याचे. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बेशुद्ध पडतो. लघवीची नळी मात्र निळीच!

१९६५ च्या सुमारास रक्ताची पट्टी निघाली. तिच्यावर थेंब ठेवायचा, मिनिटभर थांबायचे, पाण्याने धुवायचे आणि रंग ताडून पाहायचा. मग तो रंग वाचणारे यंत्रही आले. एक किलोहून जड, महागडे, आणि फक्त डॉक्टर व इस्पितळांसाठी. रोग्याने स्वतः रक्त तपासावे, ही कल्पनाच तेव्हा कुणाला रुचत नव्हती.

न्यूयॉर्कचे रिचर्ड बर्नस्टीन हे पेशाने इंजिनिअर. १९४६ मध्ये, बाराव्या वर्षी, त्यांना मधुमेह जडला. पस्तिशीच्या आतच मूत्रपिंडावर परिणाम दिसू लागला. यंत्राची जाहिरात त्यांनी पाहिली, पण त्यांना ते कोण देणार? सुदैवाने पत्नी डॉक्टर होती. तिच्या नावावर त्यांनी यंत्र मागवले आणि दिवसातून पाच-पाच वेळा बोट टोचून आकडे लिहायला सुरुवात केली. एकाच दिवसात आपली साखर केवढी चढते-उतरते, ते पाहून ते थक्क झाले. मग काय खाल्ले की आकडा किती हलतो, इन्शुलिन कितीने उतरवते, हे त्यांनी इंजिनिअरच्या चिकाटीने बसवले. प्रकृती सुधारली. पण लेख पाठवला तर नियतकालिकांनी परत केला. तेव्हा हा गृहस्थ काय करतो? पंचेचाळिसाव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन बसतो! डॉक्टर होऊन त्यांनी अनेक वर्षे रोगी तपासले आणि २०२५ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ते वारले.

दरम्यान १९९३ मध्ये अमेरिका व कॅनडातल्या १,४४१ रोग्यांच्या पाहणीचा निष्कर्ष आला. दिवसातून चार वेळा तरी रक्त तपासून, त्याप्रमाणे इन्शुलिन घेऊन ज्यांनी साखर आटोक्यात ठेवली, त्यांच्यात डोळ्यांचा विकार नव्याने जडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला होता. मात्र साखर एकदम उतरण्याचे प्रसंगही त्यांच्यात जास्त आले, हेही सांगितले पाहिजे.

आज तळहाताएवढे यंत्र तालुक्याच्या औषधाच्या दुकानात मिळते. त्याच्या पट्टीत एक विकर असते. रक्तातल्या साखरेशी त्याची क्रिया होऊन बारीकशी वीज वाहते आणि यंत्र ती मोजते. तेव्हा टोचण्याआधी हात धुऊन कोरडे करा, बरं का. आंबा खाल्लेल्या बोटाचा थेंब दिलात तर यंत्र आंब्याची साखरसुद्धा मोजील. बोटाच्या अगदी टोकाला न टोचता कडेला टोचा, तिथे कमी दुखते. पट्ट्यांच्या डबीचे झाकण घट्ट लावा, मुदतीची तारीख पाहा. आणि आकडा आला की वहीत तो वेळेसह, जेवणाआधीचा की नंतरचा, हे लिहून ठेवा. डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्या.