1 जून : अर्ध्या गावाचा वाढदिवस

आज 1 जून. सकाळपासून फोन नुसता वाजतोय. वालूरच्या ग्रुपवर एवढे केक पडलेत की कोणाला शुभेच्छा दिल्या अन् कोणाला राहिल्या तेच कळंना. चुलता अन् पुतण्या दोघांचाही आज वाढदिवस, अशीही घरं आहेत. पन्नाशीच्या पुढची माणसं हसून सोडून देतात, पण पोरं इचारतात की असं काहून? म्हणून आज पिकाचं सोडून तारखेवर लिहितो.

ही तारीख आईनं नाही, गुरुजींनी दिलेली आहे. पूर्वी शाळा जूनमध्ये भरायची. नाव घालायला बाप लेकराला घेऊन जायचा, गुरुजी जन्मतारीख इचारायचे, बापाला ती ठाऊक नसायची. मग सहा वर्षं मागं मोजून 1 जून लिहायचं, वर्ग सुरू. गुरुजींनाही दोष देता येत नाही, त्यांना रकाना भरायचा होता. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदाच 1969 चा. त्याच्या आधी आपला मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात, सरकारी कागद उर्दूत अन् साल फसली. फसली सनात 590 मिळवले की इंग्रजी साल निघतं. हा हिशोब कोणती माय करत बसणार होती?

माय-आजीचा हिशोब वेगळा होता अन् माझ्या मते तो जास्त खरा होता. "रझाकारीत झाला", "पोलीस ॲक्शनच्या साली पोटात होता", "पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला", "बहात्तरच्या दुष्काळात, रोजगार हमीच्या खडीवर काम चालू होतं तवा". यातून साल अन् महिना बरोबर निघतो. पण रकान्यात पोळा लिहिता येत नाही.

आता एक गंमत बघा. जो शाळेत गेला त्याचा वाढदिवस 1 जून. जो गेलाच नाही, त्याचं आधार कार्ड काढताना नुसतं वय सांगितलं, तर तिथं लागली 1 जानेवारी. तारीख बघून सांगता येतं की म्हातारा शाळेची पायरी चढला होता का नाही.

बरं, 1 जूनला खरोखर काय काय झालं? ज्या ईस्ट इंडिया कंपनीनं अर्धा देश गिळला, ती 1874 साली 1 जूनलाच कायद्यानं संपली. 1929 ला नर्गिस जन्मली. 'मदर इंडिया' 1957 चा, त्यातली नांगर ओढणारी राधा म्हणजे तीच. 1930 ला मुंबई-पुणे डेक्कन क्वीन सुरू झाली. तिचा वाढदिवस पुणे स्टेशनवर दरवर्षी केक कापून होतो. आगगाडीची तारीख पक्की, माणसाची नाही.

आपल्याला जवळची म्हणजे एसटी. 1 जून 1948 ला पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली, ड्रायव्हर किसन राऊत अन् कंडक्टर लक्ष्मण केवटे. गावोगाव तिचा वाढदिवस होतो, पण आपल्या भागाला एक गोष्ट कोणी सांगत नाही. त्या दिवशी परभणी त्या राज्यातच नव्हती. आपण निजामाकडं, अजून रझाकारांचा धिंगाणा चालू, सुटका झाली 17 सप्टेंबरला. निजामाच्या रेल्वेखात्यानं 1932 लाच 27 गाड्यांवर बससेवा सुरू केलेली होती. मराठवाडा मुंबई राज्यात आला 1 नोव्हेंबर 1956 ला, एसटी आपली झाली ती त्यानंतर.

अन् 1 जून 2017. हा दिवस शेतकऱ्यानं स्वतः निवडलेला. नगर जिल्ह्यातलं पुणतांबा, चांगदेवांच्या समाधीचं गाव, गोदावरीच्या काठावर. तीच नदी पुढं आपल्या जिल्ह्यातून जाते. तिथल्या ग्रामसभेनं एप्रिलमध्ये ठराव केला की 1 जूनपासून संप, शहराला दूध-भाजी बंद. चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांच्या विरोधात 1933 पासून सहा वर्षं संप केला होता, पण तो एका भागाचा. हा राज्यभर पसरला. टँकर अडवले, दूध रस्त्यावर ओतलं. अन् 1 जून हा जागतिक दूध दिन, 2001 पासून. मला दूध ओतलेलं आजही पटत नाही, पण न ओतता कोणी बघितलं असतं का, हेही तितकंच खरं.

3 जूनच्या पहाटे मुख्यमंत्र्यांशी बोलणी होऊन संप मिटल्याचं जाहीर झालं, बऱ्याच जणांनी ते मानलं नाही, 5 तारखेला महाराष्ट्र बंद झाला. 24 जूनला दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. कर्जमाफी सगळ्यांच्या ध्यानात आहे. पण मागण्यांत आणखी एक होती, साठीनंतर शेतकऱ्याला पेन्शन. ती तशीच राहिली.

नोकरदाराचं बघा. महिन्याच्या 1 तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून 31 मेला सरकारी कचेऱ्यांत निरोप समारंभांची रांग लागते. आपल्याला निरोपही नाही. 1 जून उजाडला की आपली नजर केरळात. हवामान खात्याच्या हिशोबानं मान्सून तिथं 1 जूनला यायचा. 2023 ला तो 8 जूनला आला, 2025 ला 24 मेलाच. पावसाचीही ही कागदावरचीच तारीख. 75 ते 100 मिलिमीटर पडल्याबिगर तिफण काढू नका, विद्यापीठ सांगतं ते बरोबर आहे.

शेवटी कागदाचं. हसण्यावारी नेऊ नका, याच्यावर पैसे अडतात. शेतकरी अपघात योजनेत वय 10 ते 75 लागतं. एसटीत 65 ला अर्धं तिकीट, 75 नंतर फुकट. टीसीवर 1 जून अन् आधारवर 1 जानेवारी, सालही वेगळं, मग माणूस गेल्यावर बायको-लेकरं कचेरीच्या चकरा मारतात. ऑक्टोबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टात असंच एक हरियाणातलं अपघाताचं प्रकरण आलं. आधारवर 1 जानेवारी 1969, शाळेच्या दाखल्यावर 7 ऑक्टोबर 1970. कोर्टानं सांगितलं की आधार हा वयाचा पुरावा नाही, शाळेचा दाखला धरा. वय 47 चं 45 झालं, भरपाईचा गुणक 13 चा 14 झाला.

तवा पेरणीच्या गडबडीआधी एक दिवस काढा. शाळेतून प्रवेश निर्गम उतारा आणा, आधार, बँक पासबुक अन् रेशन कार्ड शेजारी ठेवून बघा. आधारवर जन्मतारीख साधारण एकदाच दुरुस्त होते, म्हणून आधी उतारा हातात घ्या अन् मगच केंद्रावर जा. अन् घरात कोणी ऐंशीच्या पुढचं असेल, तर त्यांना तुमचा जन्म कोणत्या सणाला, कोणत्या साली झाला तेही इचारून वहीत लिहून ठेवा.