हत्तीरोगाची १० मिनिटांची चाचणी (एफटीएस): पालक आणि नागरिकांसाठी माहिती

थोडक्यात
- कार्यक्रम: राष्ट्रीय हत्तीरोग दुरीकरण कार्यक्रम
- चाचणी: बोटातून घेतलेल्या रक्ताची, १० मिनिटांत निकाल
- शुल्क: नाही
- मुख्यतः कोणाची: हत्तीरोगप्रवण भागातील ६ ते ७ वर्षे वयाच्या निवडक मुलांची

हत्तीरोग कशामुळे होतो?
हत्तीरोग (हत्तीपाय) धाग्यासारख्या बारीक कृमींमुळे होतो. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास हे कृमी एका माणसाकडून दुसऱ्याकडे पोहोचवतो. कृमी शरीरात अनेक वर्षे जगतात आणि बहुतेकांना सुरुवातीला काहीच त्रास जाणवत नाही. पायाची कायमची सूज किंवा अंडवृद्धी खूप उशिरा दिसते. म्हणूनच दिसायला निरोगी असलेल्या व्यक्तीचीही तपासणी केली जाते.

नवीन चाचणीत काय वेगळे आहे?
या कृमींची पिल्ले रक्तात प्रामुख्याने रात्री येतात. त्यामुळे पूर्वी आरोग्य कर्मचारी रात्री घरोघरी जाऊन रक्तनमुने घेत आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. फायलेरिया टेस्ट स्ट्रिप म्हणजेच एफटीएस ही पट्टी प्रौढ कृमींनी रक्तात सोडलेला घटक ओळखते. त्यामुळे ही चाचणी दिवसाही करता येते. तिला ७५ मायक्रोलिटर, म्हणजे एक-दोन थेंब रक्त पुरते.

माझ्याच मुलाची चाचणी का?
ज्या भागात किमान ५ वर्षे सामुदायिक औषधोपचार मोहीम झाली आहे आणि दरवेळी ६५ टक्क्यांहून अधिक लोकांनी गोळ्या घेतल्या आहेत, तेथे प्रसार थांबला का, हे तपासले जाते. पहिली-दुसरीतील मुले मोहिमेच्या काळातच वाढलेली असतात. त्यांच्या रक्तात कृमींचा घटक आढळला, तर डासांमार्फत प्रसार अजून चालू असण्याची शक्यता असते.

चिठ्ठी टाकल्याप्रमाणे शाळा आणि मुले निवडली जातात. बाधित मुलांची संख्या ठरलेल्या मर्यादेत असेल, तर त्या भागातील औषध मोहीम थांबवता येते. जास्त असेल तर ती पुढे चालू राहते. पालकांनी मोठ्या संख्येने नकार दिला, तर खरे चित्र समजत नाही आणि गोळ्या चुकीच्या वेळी बंद होऊ शकतात. त्यामुळे कृपया संमती द्या.

निकालाचा अर्थ
- एकच रेषा (‘सी’): कृमींचा घटक आढळला नाही.
- दोन रेषा (‘सी’ आणि ‘टी’): कृमींचा घटक आढळला. ‘टी’ रेषा फिकट असली तरी ती धरली जाते.
- ‘सी’ रेषा नाही: चाचणी बाद. नवीन पट्टीवर पुन्हा करावी लागते.

निकाल बरोबर १० मिनिटांनी वाचावा लागतो. उशिरा उमटलेली रेषा ग्राह्य नसते.

चाचणी सकारात्मक आली तर?
घाबरू नका. याचा अर्थ मुलाचा पाय सुजणारच, असा नाही. उपचार मोफत आहेत. औषध पूर्ण घेतल्यानंतरही काही महिने चाचणी सकारात्मक येऊ शकते. त्यावरून औषध लागू पडले नाही, असे समजू नका.

हे लक्षात ठेवा
- चाचणी नकारात्मक आली तरी मोहिमेतील गोळ्या घ्या. गोळ्या घेण्यासाठी आधी चाचणी करण्याची गरज नसते.
- गोळ्या उपाशीपोटी घेऊ नका, कर्मचाऱ्यासमोरच घ्या. २ वर्षांखालील मुले, गरोदर महिला आणि गंभीर आजारी व्यक्तींना या गोळ्या देत नाहीत.
- गोळ्यांनंतर थोडा ताप, डोकेदुखी किंवा मळमळ होऊ शकते. कृमी मरू लागल्याने असे होते. त्रास वाढल्यास आशाताईंना लगेच कळवा.
- जुनी सूज असलेल्यांची चाचणी नकारात्मक येऊ शकते. त्यांनी निकालावर न थांबता आरोग्य केंद्रात दाखवावे. पायाची निगा कशी घ्यावी हे तेथे शिकवतात; अंडवृद्धीची शस्त्रक्रिया शासकीय रुग्णालयात होते.
- ही पट्टी पोटातील जंत ओळखत नाही. त्यासाठी १ ते १९ वर्षांच्या मुलांना राष्ट्रीय जंतनाशक दिनी अल्बेंडाझोल दिले जाते. त्यासाठीही चाचणी लागत नाही.

गाव महाराष्ट्रात, राहणे दिल्लीत?
हा कार्यक्रम दिल्लीतील राष्ट्रीय कीटकजन्य रोग नियंत्रण केंद्राच्या देखरेखीखाली चालतो. मात्र खुद्द दिल्लीत या गोळ्या घरोघरी वाटल्या जात नाहीत. विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर यांसारख्या जिल्ह्यांत हत्तीरोग आढळत आला आहे. नागपूर जिल्ह्यात जानेवारी २०१९ मध्ये आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल अशी तीन औषधे एकत्र देण्यास सुरुवात झाली. तुमचे गाव अशा भागात असेल, तर मोहिमेच्या दिवसांत गावी असताना गोळ्या चुकवू नका. दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्राममध्ये वारंवार ताप, जांघेत गाठ किंवा पायाला सूज जाणवल्यास डॉक्टरांना आपल्या गावाचा जिल्हा आवर्जून सांगा. नाहीतर हत्तीरोगाची शंका त्यांच्या मनात येणार नाही.

संपर्क: गावातील आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा जिल्हा हिवताप अधिकारी कार्यालय. देशातून हत्तीरोग हटवण्याचे उद्दिष्ट २०२७ आहे.