ग्वाटेमालातला फिरता वर्ग

मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशात प्रेस्बिटेरियन मंडळ्यांची एक सेमिनरी होती. पाळक तयार करणे हे तिचे काम. 1962 मध्ये तिच्या चालकांनी 25 वर्षांच्या कामाचा हिशेब मांडला. एवढ्या काळात 200 हून अधिक विद्यार्थी दाखल झाले होते आणि त्यांतले जेमतेम 10 जण पाळकाचे काम करत होते. खेड्यातला मुलगा राजधानीत यायचा, काही वर्षे वसतिगृहात राहायचा आणि शहराची सवय लागली की परत जायचा नाही. त्याच वेळी खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या चालवत होते ते चाळिशीतले शेतकरी, दुकानदार, मजूर. लोकांनी त्यांना आपले मानले होते, पण शेत आणि बायकामुले सोडून तीन वर्षे राजधानीत जाऊन राहणे त्यांना शक्य नव्हते. सेमिनरी ज्यांना शिकवत होती ते पाळक होत नव्हते आणि जे पाळकाचे काम करत होते त्यांना शिकवायला कोणी नव्हते.

यावरचा पहिला उपाय सरळ होता. सेमिनरीच उचलून पश्चिमेकडच्या सान फेलिपे या गावी नेली. त्याने फारसे भागले नाही. कॉफीच्या मळ्यांच्या त्या मुलखातही रोजच्या वर्गाला येऊ शकणारे थोडेच होते. मग 1963 मध्ये जेम्स एमरी आणि राल्फ विंटर या दोन मिशनऱ्यांनी वर्गच विद्यार्थ्यांच्या दारी न्यायचे ठरवले. विंटर मूळचे स्थापत्य अभियंता, पुढे भाषाशास्त्र आणि मानववंशशास्त्राचे अभ्यासक. वर्षभरात रॉस किन्सलर हेही येऊन मिळाले.

पद्धत अशी. विद्यार्थ्याने आठवडाभर घरी, कामधंदा सांभाळून, नेमून दिलेला पाठ करायचा. आठवड्यातून एकदा त्या भागातल्या केंद्रावर जमायचे; सेमिनरीचे शिक्षक तिथे येत. अधूनमधून सगळ्यांनी मुख्य ठिकाणी एकत्र यायचे. शाळा किती झाली आहे त्यानुसार अभ्यासक्रमाच्या पायऱ्या निरनिराळ्या होत्या. प्राथमिक शाळेपर्यंतच पोचलेल्या माणसालाही दार बंद नव्हते. नेहमीचे ग्रंथ एकट्याने वाचून समजणे अवघड, म्हणून स्वतंत्र स्वाध्यायपुस्तके लिहावी लागली. या कामाचा मोठा भार किन्सलर यांनी उचलला.

आपल्याकडच्या वाचकाला यात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र आणि समंत्रक दिसले तर नवल नाही. मात्र ते विद्यापीठ 1989 चे. ब्रिटनच्या ज्या मुक्त विद्यापीठाला या प्रकाराचे मूळपीठ मानतात त्याची सनदही 1969 ची, म्हणजे ग्वाटेमालानंतर सहा वर्षांनी मिळालेली. दूरशिक्षणाच्या इतिहासांत सान फेलिपेला सहसा जागा मिळत नाही. धर्मशिक्षण म्हणजे जुनाट काहीतरी, ही समजूत त्याला कारण असावी.

ही पद्धत पसरली वेगाने. लॅटिन अमेरिकेतून ती आफ्रिकेत आणि आशियात गेली. 1970 च्या दशकाच्या आरंभी बंगळूरला ‘टॅफ्टी’ ही संस्था याच धर्तीवर उभी राहिली. मिशिगनचे शिक्षणशास्त्रज्ञ टेड वॉर्ड यांनी तिचे स्वरूप सांगायला लाकडी कुंपणाची उपमा वापरली. कुंपणाचा एक आडवा वासा म्हणजे घरचा अभ्यास, दुसरा वासा म्हणजे मंडळीतले प्रत्यक्ष काम, आणि दोन्ही वासे धरून ठेवणारे उभे खांब म्हणजे ठरावीक अंतराने होणाऱ्या शिक्षकाबरोबरच्या बैठका. खांब काढले की वासे जमिनीवर येतात.

खांब महाग असतात. शिक्षकाचा प्रवास, त्याचा वेळ आणि पाच-दहा विद्यार्थ्यांसाठी खर्ची पडणारा त्याचा दिवस, हा सारा खर्च ग्वाटेमालात सेमिनरीने, म्हणजे शेवटी मंडळ्यांनी आणि परदेशी मिशनने सोसला. अंतर कापायचे ते शिक्षकाने, हा त्या प्रयोगाचा गाभा होता आणि त्याची किंमतही तीच होती.

याहून स्वस्त वाट आधीपासून होती. विल्यम रेनी हार्पर हा शिकागोजवळच्या बाप्टिस्ट सेमिनरीत हिब्रू शिकवणारा तरुण प्राध्यापक. वयाच्या अठराव्या वर्षी येलची डॉक्टरेट मिळवलेला, अफाट कामाचा माणूस. 1881 मध्ये त्याने टपालाने हिब्रूचे धडे सुरू केले. दूरच्या गावातला पाळक धडा सोडवून पाठवी आणि तो तपासून परत येई. टपालातून होणारे शिक्षण एक दिवस वर्गातल्या शिक्षणाहून अधिक होईल, असे भाकीत हार्परने केले होते. 1892 मध्ये शिकागो विद्यापीठ उघडले तेव्हा पहिला अध्यक्ष म्हणून त्याने टपाली शिक्षणाला विद्यापीठात जागा दिली.

हार्परच्या धड्यांमागे खरी विद्येची ओढ होती, यात शंका नाही. पुढे ही रीत अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी उचलली, तेव्हा मात्र तिची घडी बदलली. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने ‘डिजिटल डिप्लोमा मिल्स’ या पुस्तकात तो सगळा व्यवहार उलगडला आहे. नावाजलेल्या प्राध्यापकांची नावे जाहिरातीत असत, उत्तरपत्रिका तपासत ते कमी मोबदल्यावरचे तपासनीस. मोबदला नगावर. अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडणाऱ्यांचे प्रमाण मोठे. नोबल यांचा सूर कडवट आहे आणि काही ठिकाणी ते फार ताणतात असे मला वाटते. पण नगावरच्या मोबदल्याचा मुद्दा खोडून काढणे कठीण आहे.

अमेरिका आणि कॅनडातल्या सेमिनऱ्यांना मान्यता देणारी संघटना पाळकाच्या मुख्य पदवीसाठी काही काळ प्रत्यक्ष आवारात शिकण्याचा आग्रह धरत असे. ईश्वरविज्ञान पुस्तकातून कळेल, पण पाळकाची वृत्ती सहवासातूनच घडते, असा त्यामागचा विचार होता. आधी काही संस्थांना सवलती मिळाल्या आणि 2020 च्या नव्या मानकांनी ती सरसकट अट काढून टाकली. त्याच वर्षी महामारीने सगळेच वर्ग पडद्यावर नेले होते. ऑनलाइन धर्मशिक्षणाचे समर्थक ग्वाटेमालाला आपला पूर्वज म्हणतात. विद्यार्थी आपली मंडळी सोडत नाही, एवढ्यापुरते ते खरे आहे. शिक्षकाच्या बाजूने पाहिले तर मात्र वंशावळ हार्परकडे वळते. त्यातही पुष्कळसे शिकवणे अर्धवेळ शिक्षकांकडे असते. करार एका सत्राचा, मोबदला अभ्यासक्रमामागे ठरलेला. आराखडा अनेकदा दुसऱ्या कोणी तयार केलेला असतो. याने चर्चेला उत्तरे द्यायची आणि निबंध तपासायचे. सत्र संपले की विद्यार्थ्याशी असलेला संबंधही कागदोपत्री संपतो. अंत्यविधीला काय बोलावे, भांडणाऱ्या दोन घरांना एका बाकावर कसे बसवावे, हे प्रश्न विद्यार्थ्याला पडतात ते बहुधा त्यानंतर.

या अर्धवेळ शिक्षकांत अनेक जण स्वतः पाळक आहेत. ग्वाटेमालात विद्यार्थी आपला धंदा सांभाळून शिकत होता, आता शिक्षक आपली मंडळी सांभाळून शिकवतो. दोन ठिकाणी पाय ठेवून धर्मकार्य चालवणे मराठी वाचकाला नवे नाही. 1805 मध्ये मराठीचे व्याकरण छापणारे विल्यम कॅरी राहायचे श्रीरामपूरला आणि कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना बंगाली, संस्कृत, मराठी शिकवायचे. दर आठवड्याला हुगळीतून होडीने ये-जा. तिथला पगार मिशनच्या सामाईक खजिन्यात जमा होई आणि मिशनचे काम त्यावर चाले. 1818 मध्ये याच मिशनने श्रीरामपूरचे महाविद्यालय काढले. कॅरींचे शिकवणे धर्मकार्याला पोसत होते. आजच्या अर्धवेळ शिक्षकाच्या घरी पैसा उलट दिशेने वाहतो: मंडळीचा पगार घर चालवतो आणि त्या आधारावर सेमिनरीला आपला अभ्यासक्रम थोडक्या मोबदल्यात शिकवून मिळतो. शनिवारी रात्री रविवारचे प्रवचन लिहून झाले की तो निबंध तपासायला बसतो.